तिसऱ्या फाटकासमोरचा शिंपी

४ जून

पंडित,

'चिरंजीव' लिहायला पेन टेकवलं आणि परत उचललं. आशीर्वादांचं शेवटी बघू, तोवर शिल्लक राहिले तर. इतक्या वर्षांनी ताईचं पाकीट आलेलं पाहून तू बायकोला म्हणाला असशील, 'घराच्या वाटणीचं असणार.' नाही रे बाबा. घर, अप्पांची आरामखुर्ची, तुझी ती साखळी पडलेली सायकल, सगळं जिथल्या तिथे आहे आणि त्यातलं मला काही नकोय. मला तुला एका वाक्याचा जाब विचारायचाय.

तुझ्या इतिहासकोशाचा दुसरा खंड काढ. बंदरावरच्या गोळीबाराची नोंद. इंग्रजांच्या राज्यातला तो संप, गोदामात लपून बसलेले पुढारी, पोलिसांचा वेढा आणि मग गोळ्या, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पुढारी कुठे लपलेत हे पोलिसांना सांगितलं कुणी, तेवढं मात्र कधी कुणाला कळलं नव्हतं. तुला कळलं. तू लिहिलंस: 'तिसऱ्या फाटकासमोरच्या एका शिंप्याने ही खबर पोलिसांना दिली.'

आता ऐक. बंदराच्या तिसऱ्या फाटकासमोर खरोखरच एक शिंपी आहे. मास्तर म्हणतात त्यांना. वय माझ्याएवढं, स्वभाव माझ्याहून वाईट. दुकान त्यांच्या आजोबांनी काढलेलं, गोळीबाराच्या आधीपासूनचं. माझे कपडे गेली कित्येक वर्षं तेच शिवतात आणि दर वेळी 'बाई, तुम्ही वाढलात' असं चारचौघांत सांगतात. मागच्या आठवड्यात कोटाची ट्रायल द्यायला गेले, तर शटरवर डांबर. नुसतं फासलेलं नाही, अक्षरं काढलेली: फितूर. मास्तर आत बसून काज करत होते. मला म्हणाले, 'या. उजेड कमी आहे आज.' डांबराने चिकटून शटर अर्धंच वर जात होतं. तो वास अजून माझ्या नाकातून जात नाही.

याचं मूळ स्मारक समितीत आहे. पुढल्या वर्षी गोळीबाराला शंभर वर्षं होतात, तर फाटकासमोरचा चौक मोठा करून हुतात्म्यांचा स्तंभ उभारायचाय. स्तंभासमोर फितुराचं दुकान शोभत नाही म्हणे. तेव्हा दुकान पाडायचं आणि त्या जागी पाटी लावायची, की इथे अमक्याचं दुकान होतं आणि त्याने तमकं केलं. म्हणजे दुकान जायचं आणि कलंक तेवढा जागेवर राहायचा! समितीचे अध्यक्ष कोण, तर आपल्या कॉलेजातले ते इतिहासाचे सर, ज्यांना आपण 'शब्दशः' म्हणायचो. त्यांनी मास्तरांना तोंडावर सांगितलं, 'आम्ही मनचं काही बोलत नाही. संदर्भग्रंथांत आहे.'

निवृत्त झाले तरी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातलं कोपऱ्यातलं टेबल अजून माझंच आहे. तिथे बसून मी इंग्रजी राजवटीवरचं असेल नसेल ते सगळं फडताळातून उतरवलं. बंदराचा इतिहास, चरित्रकोश, कामगार चळवळीचे जाडजूड ठोकळे, परीक्षेची गाइडंसुद्धा. शिंपी सगळीकडे! एकात त्याला बक्षीस मिळालंय. दुसऱ्यात ते बक्षीस म्हणजे साहेबाने दिलेलं शिलाई मशीन आहे. तिसऱ्यात तो एका पायाने लंगडतो. गाइडवाल्याने तर प्रश्नच काढलाय, 'खबर कोणी दिली?' आणि खाली चार पर्याय. प्रत्येकाच्या तळटिपेत तू आहेस. आणि तुझ्या नोंदीखाली तळटीपच नाही.

चाळता चाळता एका ग्रंथात गव्हर्नरच्या फोटोला काढलेल्या मिशा सापडल्या आणि पुठ्ठ्याच्या आत मी चिकटवलेली जुनी चिठ्ठीसुद्धा. आठवतो ना आमचा नियम? संदर्भाचं पुस्तक कुणी खराब केलं, की आत चिठ्ठी लावायची: कुठलं पान, काय लिहिलं ते अक्षरन् अक्षर, कुणी लिहिलं, वर ग्रंथालयाचा शिक्का. नियम मीच केलेला. तू हसायचास, 'ताई, त्या गाढवाला अमर केलंस की गं.'

आता खरं विचारते. त्या कोशाच्या नोंदींची कार्डं कुणी लिहिली हे तुला सांगायला नको. अप्पांच्या खाटेशेजारी बसून मी ती लिहीत होते, त्यांना औषध पाजता पाजता. शिंप्याचं कार्ड माझ्या हातून गेलेलं नाही. प्रस्तावनेत तू 'कुटुंबीयांचे सहकार्य लाभले' असं म्हटलंयस, त्याचं मला काही नाही. मुळीच नाही. खंड उघडला की नेमकं तेच पान उघडतं, त्याला मी काय करू?

मूळ साधन कळव. कुठलं पुस्तक, कुठलं दफ्तर, ते नीट लिही. ते मिळालं तर मी मास्तरांच्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. आणि नसेल, तर तसं लिही.

कळावे. म्हणजे मला कळावे.

ताई


१९ जून

पंडित,

पत्राचं उत्तर तू फोनवर दिलंस, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. 'लेखी पुरावा नाही तर इतिहास नाही' असं जन्मभर बजावणारा माणूस लिहायचं टाळतो कधी? म्हणून तू काय बोललास ते मीच लिहून तुला धाडतेय. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू आधी हसलास. 'अगं ताई, तो शिंपी होय! तो कुणी नाहीच.'

मी म्हटलं, 'नाही म्हणजे?'

'सापळा आहे तो. कोशवाले ठेवतात एखादा. एक बारीकशी बनावट नोंद टाकून द्यायची. दुसऱ्या कुणी आपला कोश चोरून उतरवला, की तीही उतरवतो आणि रंगेहाथ सापडतो. धंद्यातली जुनी युक्ती आहे.'

'मग सापडले की सगळेच्या सगळे! तू कुणाला पकडलंस?'

तू म्हणालास, 'तेव्हा माझी इकडे यायची गडबड चालली होती. राहून गेलं.'

राहून गेलं! उंदरासाठी सापळा लावलास, दार उघडं टाकून साता समुद्रापार गेलास आणि इथे त्यात माणूस अडकला, तर तू म्हणतोस राहून गेलं. मी विचारलं, शिंपीच का आणि तिसरं फाटकच का? त्यावर तू जे बोललास ना, त्याने मला खरी शिसारी आली. म्हणालास, 'मी नीट बघून घेतलं होतं गं. साहेबाच्या नकाशात तिसऱ्या फाटकासमोर कोरी जागा आहे. बंदरावरच्या सगळ्या संदर्भग्रंथांत तिथे ना दुकान ना वस्ती. कुणाला लागू नये म्हणून तर मुद्दाम ती जागा निवडली.'

शी! पंडित, शी!

तो नकाशा मी काल पुन्हा काढला. साहेबाने क्रेन काढल्यात, गोदामांना आकडे घातलेत, त्याच्या घोड्यांना पाणी पाजायचा हौदसुद्धा सोडलेला नाही. जिथे आपली माणसं राहत होती, खात होती, भांडत होती, तिथे कोरं. त्याचं एक ठीक आहे, तो परका होता, त्याला माल मोजायचा होता. तू? तुझ्या शाळेच्या चड्ड्या त्याच दुकानातून शिवून यायच्या. आणायला मी जायचे, कारण तू पुस्तकात डोकं घालून बसलेला असायचास. साहेब गेला, त्याचं राज्य गेलं, आणि तू तुझ्या शहरात कोण राहतं हे बघायला त्याचाच नकाशा उघडलास. उंटावरचा शहाणा म्हणतात तो तूच.

मी म्हटलं, झालं ते झालं, आता दोन ओळी लिहून दे. 'ही नोंद मी रचली होती. शिंप्याचा याच्याशी संबंध नाही.' खाली सही. समिती ऐकेल, दुकान वाचेल, मास्तर मान वर करून चालतील. तर तू घसा खाकरलास. नवी आवृत्ती छापायला गेलीय, विद्यापीठ तुझा सत्कार करणार आहे, कोशात बनावट नोंद आहे असं कळलं तर सगळ्या कोशावरचा लोकांचा विश्वास उडेल. अरे, विश्वास ठेवू नये असंच तर तू करून ठेवलंयस! कोण जाणे आणखी कुठे कुठे असे सापळे पेरलेस. माझ्या हाताने लिहिलेल्या कार्डांच्या शेजारी तुझी ही घाण बसली आहे, या विचाराने मला जेवण जात नाही.

दोन ओळी, पंडित. जास्त मागत नाही.

ताई


३ जुलै

पंडित,

मास्तरांना सांगितलं. कुणाच्या तरी तोंडून कळण्याआधी माझ्याच तोंडून कळावं म्हणून.

ते माझ्या कोटाच्या बाहीवर खडूने खूण करत होते. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, 'म्हणजे तुमच्या भावाला माहीत होतं की हे खोटं आहे?'

'हो. पण तिथे कुणी राहत नाही असं वाटलं त्याला.'

'कुणी राहत नाही,' मास्तर म्हणाले. त्यांनी कोट माझ्या अंगावरून उतरवला, एक बाही जोडलेली, एक लोंबती, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. 'दुसरीकडे शिवा, बाई.'

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, भाऊ खोटं बोलला, मी नाही. तर म्हणाले, 'आवाज खाली. फितुराचं गिऱ्हाईक समजेल कुणीतरी तुम्हाला.' दुकानात गिऱ्हाईक नव्हतंच. शाळेच्या गणवेशाचं काम गेलं, हे मला त्यांच्या मुलाने बाहेर येऊन सांगितलं. मुलगा गोड आहे, बापावर गेलेला नाही. त्याने मला फाटकापर्यंत सोडलं आणि म्हणाला, 'रागावू नका. बाबा रात्रंदिवस नुसते बसून असतात. माझी पोरगी शाळेत जायला तयार नाही. चार पर्यायांचा तो प्रश्न बाईंनी वर्गात विचारला आणि सगळ्या वर्गाने तिच्याकडे बघितलं.'

हे वाचताना तू चहा पीत असशील तर तो थंड होऊ दे.

त्याच आठवड्यात समितीचे दोघे मशीन बघायला आले होते. दुकानात आजोबांचं काळं मशीन आहे, त्यावरची सोनेरी वेल हात लागून लागून पुसलेली. आजोबांनी ते हप्त्यांवर घेतलेलं. समितीला ते संग्रहालयात ठेवायला हवंय. कशाबद्दल? तर साहेबाने फितुरीचं बक्षीस म्हणून दिलेलं मशीन! ग्रंथात आहे ना! तू शिंपी रचलास, दुसऱ्याने बक्षीस, तिसऱ्याने मशीन, आणि आता खरं मशीन त्या खोट्याचा पुरावा झालंय. मास्तर कापडाची मोठी कात्री घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा ते दोघे गेले.

आणि मग तुझा फोन. केवढा उल्हास आवाजात! 'ताई, तोडगा सापडला.' मला वाटलं, लिहायला तयार झाला पोरगा. तर तू वाचून दाखवलंस: 'तिसऱ्या फाटकासमोरच्या एका शिंप्याने संपाच्या पुढाऱ्यांना आसरा दिला.' नव्या आवृत्तीत हे घालणार, जुनं गुपचूप काढणार. 'कुणाला काही कळायचं नाही. सगळे उतरवतीलच. पाच वर्षांत तुझा शिंपी हुतात्मा होतो की नाही बघ.'

पंडित! मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तो धरलेला हात साबणाने दोनदा धुतला. एका खोट्यावर दुसरं खोटं सारवायचं आणि वर उपकार केल्याचा आव आणायचा!

पण मी हे मुलाला सांगितलं. का सांगितलं? कारण त्याच्या पोरीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. तो एकदम खुलला. 'घ्या की बाई! काय वाईट आहे? नाहीतरी लिहिणारे मनचंच लिहितात, आमच्या बाजूने लिहू द्या एकदा.' घटकाभर मलाही वाटलं, घ्यावं. ती घटका आठवली तरी आता तोंड कडू होतं.

आतून मास्तर ओरडले. आम्हाला वाटलं होतं ते झोपलेत.

'आसरा-बिसरा काही दिला नाही! गोळ्या सुटल्या तेव्हा आजोबा मशीनखाली जाऊन लपले होते. पोलीस गेल्यावरसुद्धा बाहेर येईनात. आजीने पाय धरून ओढून काढलं, तिनेच सांगितलंय मला, हसून हसून. भित्रे होते आजोबा. भित्रे होते, फितूर नव्हते. दोन्हींत काही फरक आहे की नाही तुमच्या पुस्तकांत?'

मी म्हटलं, 'आहे, मास्तर.'

'मग तेवढंच लिहायला सांगा त्यांना.'

सांगितलं. हे बघ, सांगितलं. मशीनखाली लपलेला एक शिंपी. नसेल लिहायचं तर नुसतं काढून टाक आणि का काढलंस ते सांग. पंचवीस तारखेला समितीची सुनावणी आहे, आपल्याच ग्रंथालयाच्या सभागृहात. त्याआधी लिही.

ताई


२६ जुलै

पंडित,

तू लिहिलंस. पण मला नाही.

सगळं क्रमाने सांगते, म्हणजे तुला नोंद करायला सोपं जाईल. सभागृहात लांब टेबल, त्यावर संदर्भ विभागातून आणलेले सगळे ग्रंथ एकावर एक, सोनेरी अक्षरांचे कणे आमच्याकडे करून. मास्तर आणि मुलगा भिंतीलगतच्या बाकावर. मास्तरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, वरचं बटणसुद्धा लावलेलं. शब्दशः सर मधोमध. बिस्कीट चहात बुडवत होते आणि बिस्किटाचा चिखल तुझ्या दुसऱ्या खंडावर ठिबकत होता. एरवी मी किंचाळले असते. या वेळी म्हटलं, पडू दे.

मी उभी राहिले आणि सांगितलं. ही नोंद माझ्या भावाने रचली, चोर पकडायला, त्याने फोनवर मला तसं स्पष्ट सांगितलंय. बाकीच्या सगळ्यांनी त्याची उतरवली. टेबलावर पुस्तकांचा ढीग दिसतोय, पण साक्षीदार एकच आहे, आणि तो खोटा आहे.

सर म्हणाले, 'कोणत्या ग्रंथात आहे हे?'

'कुठल्याच ग्रंथात नाही. मी सांगतेय.'

'बाई, तुम्ही संपादकांच्या भगिनी आहात. साधन नव्हे.'

एक सभासद शेजारच्याच्या कानात कुजबुजला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, 'बहीण-भावाचं जुनं बिनसलंय. कोशात नाव नाही छापलं ना.' दोघं-तिघं हसली. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मला नाव नकोय म्हणून तुला किती वेळा लिहिलं होतं मी! बरं, एकदाच लिहिलं होतं. पण लिहिलं होतं.

मग सरांनी कागद काढला. 'आम्ही खुद्द संपादकांनाच विचारलं.' आणि तुझी ईमेल वाचली. त्यांना आवडली असावी, दोनदा वाचली. 'प्रस्तुत नोंद उपलब्ध साधनांच्या आधारे केलेली असून ती कायम आहे.'

कायम आहे!

बहिणीला दोन ओळी लिहायला तुझा हात दुखत होता. त्यांना ही ओळ लिहिताना नाही दुखला. मी तुझ्यावर आजवर चिडले, रुसले, अप्पांच्या शेवटच्या आजारात तू आला नाहीस तेव्हा तुला मनातून शिव्यासुद्धा घातल्या. पण किळस कधी आली नव्हती. आता येते. तुझं हस्ताक्षर असलेली कपाटातली जुनी पाकिटं मला चिमट्याने उचलावीशी वाटतात.

मास्तर उठले. मला वाटलं, आता कात्री निघते. ते नुसतं म्हणाले, 'आमच्या आजोबांची उलटतपासणी झाली, आता आमची पण घ्या. मी जन्मभर या फाटकासमोर बसलोय. मला एकाने तरी विचारलं का?' सर म्हणाले, 'तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.' मास्तर म्हणाले, 'भावना नाही सांगत. पत्ता सांगतोय.' त्यांना खाली बसवलं गेलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती माझ्या डोळ्यांदेखत झाली. ठराव असा: दुकान पाडायचं, पाटी लावायची. शेवटची बैठक दहा ऑगस्टला, तीत शिक्कामोर्तब. निघताना सर माझ्याजवळ आले. तोंडाला बिस्किटाचा वास. म्हणाले, 'बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही स्वतः जन्मभर संदर्भ विभाग सांभाळलात. शिक्का असलेला एक तरी कागद आणा. छापील नसला तरी चालेल, संस्थेच्या शिक्क्याचा हवा. त्याशिवाय आम्ही हलू शकत नाही.'

मी घरी चालत आले. वाटेत दोनदा थांबले. तुझ्याविषयी विचार करत नव्हते, गैरसमज नको. शिक्क्याविषयी करत होते.

ताई


११ ऑगस्ट

पंडित,

हे माझं शेवटचं. यानंतर तुला समितीची पत्रं येतील.

पाच तारखेला मी संदर्भ विभागात गेले. सकाळ होती, चार-पाच विद्यार्थी बसले होते. माझ्या हाताखाली शिकून आता माझ्या खुर्चीवर बसलेली धाकटी, तिने मान हलवून हसून स्वागत केलं. मी तुझा दुसरा खंड घेतला, माझ्या टेबलावर बसले, ते पान काढलं आणि शाईचं पेन उघडलं. ज्या बाईने पेन्सिलीच्या रेघेवरून पोरांना रडवलं, तिच्या हातात शाई! समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं:

'ही ओळ बनावट आहे. चोर पकडण्यासाठी ती या कोशाच्या संपादकाने, माझ्या भावाने, रचली. तिसऱ्या फाटकासमोरचे खरे शिंपी गोळीबार झाला तेव्हा भीतीने मशीनखाली लपले होते, असे त्यांचे नातू सांगतात. ते आजही तिथेच बसतात, जाऊन विचारावे.'

खाली सही. पूर्ण नावानिशी. मग पुढचं पुस्तक. मग त्याच्या पुढचं. बंदराचा इतिहास, चरित्रकोश, कामगार चळवळ, गाइडसुद्धा सोडलं नाही. धाकटीच्या लक्षात आलं तेव्हा ती धावत आली. 'बाई! शाई! बाई, हे काय करताय?' तिच्या डोळ्यांत पाणीच आलं बिचारीच्या.

मी म्हटलं, 'नियम काय आहे?'

ती पुस्तक माझ्या हाताखालून ओढायला लागली.

'नियम सांग. संदर्भाचं पुस्तक खराब केलं तर?'

'चिठ्ठी लावायची,' ती म्हणाली. मग तिच्या तोंडावर हळूहळू उजाडलं. 'कुठलं पान... काय लिहिलं ते अक्षरन् अक्षर... कुणी लिहिलं...'

'आणि?'

'शिक्का.'

दुपारभर ती चिठ्ठ्या लिहीत होती आणि मी खळ लावून देत होते. खळ आंबलेली होती, घाण वास येत होता, पण काय सांगू, कित्येक दिवसांनी मला तो वास बरा वाटला. प्रत्येक चिठ्ठीवर ग्रंथालयाचा गोल शिक्का. संध्याकाळी ग्रंथपालांनी मला बोलावलं आणि नियमाप्रमाणेच संदर्भ विभागात यायला कायमची बंदी केली. माझं टेबल गेलं. ते टेबल होतं म्हणून मी सकाळी उठत होते, हे तुला कळायचं नाही, म्हणून सांगत नाही. बाहेर पडताना रडले. तेवढं लिहून ठेवते, नोंद पुरी असावी म्हणून.

काल त्याच सभागृहात शेवटची बैठक झाली, टेबलावर पुन्हा तेच ग्रंथ. मी नव्हते, मास्तरांच्या मुलाने येऊन सांगितलं. शब्दशः सरांनी सवयीने तुझा खंड उघडला, तर पुठ्ठ्याच्या आत चिठ्ठी. शिक्का पाहिला आणि तो माणूस थांबला. शिक्का मारलेलं काहीही तो न वाचता सोडत नाही, हे तुलाही माहीत आहे. मोठ्याने वाचलं. दुसरा ग्रंथ उघडला, तिथेही तेच. तिसरा. मुलगा म्हणतो, सरांचा चेहरा घामेजला. एक सभासद म्हणाला, 'अहो, ही तर त्या बाईंनीच केलेली खराबी.' त्यावर सर म्हणाले, 'असेल. पण आता तो संस्थेच्या दप्तरी आलेला आक्षेप आहे.' ठराव स्थगित. पाटी नाही, पाडापाडी नाही, मशीनला हात नाही, जोवर संपादक मूळ साधन सादर करत नाहीत तोवर. तसं पत्र तुला रजिस्टर पोस्टाने निघालंय. तुझ्या विद्यापीठालाही एक प्रत. तू म्हणायचास ना, लेखी पुरावा नाही तर इतिहास नाही? दे आता लेखी.

शटरवरचं डांबर तसंच आहे. मुलगा रॉकेल घेऊन पुसायला निघाला होता, तर मास्तरांनी त्याला बसवलं. मला निरोप पाठवला, 'तुमच्या भावाला बोलवा, खरवडायला. पत्रा मी देतो.' आणि वर, 'कोट घेऊन या. एक बाही लोंबतेय, गावभर माझी बदनामी होईल.'

मी गेले. त्यांनी माप पुन्हा घेतलं. म्हणाले, 'बाई, तुम्ही उतरलात.'

आशीर्वाद शेवटी बघू म्हटलं होतं. शोधले, सापडले नाहीत. येऊन खरवडलंस तर पुन्हा शोधीन.

आणि हो. तुझ्या प्रस्तावनेत माझ्या नावाला जागा झाली नव्हती. आता इथल्या प्रत्येक प्रतीत आहे, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, शिक्क्यासकट.

ताई